आडवी वीट

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पाषाणच्या बाजूला उतरताना कातळाच्या दोन पायऱ्या लागतात. फार उंच नाहीत, वीत-दीड वीत. मधे सायकल मावेल एवढी सपाट जागा आणि खाली लगेच मुरमाचा उतार. या पायऱ्या मी १२ वर्षं सायकलवरून उतरत होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी साडेसातच्या सुमाराला, दुसऱ्या पायरीच्या अगदी कडेवर माझ्याकडून पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला. चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पुढे गेले. क्लिपने पेडलला अडकवलेले बूट सुटलेच नाहीत, त्यामुळे सायकलही माझ्या मागोमाग अंगावर आली. उजव्या मनगटातलं एक बारीक हाड मोडलं. टेकडीवर फिरायला आलेल्या दोन आजोबांनी सायकल बाजूला केली, पाणी दिलं आणि त्यातले एक जण माझी सायकल ढकलत पाषाणच्या पंचवटीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

प्लास्टर ८ आठवडे होतं. पहिले काही दिवस मी मुरमाला दोष दिला. आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजलेला काळा कातळच. पावसाळ्यात तो दाबून बसतो, पण फेब्रुवारी ते मे एवढा सुटतो की फरशीवर ज्वारी सांडावी आणि त्यावरून चालावं तसं होतं. मग एका मैत्रिणीने तिच्या मोबाइलमधला जुना व्हिडिओ पाठवला, त्याच उतारावरचा, डिसेंबरमधला. तो मी चार-पाच वेळा पाहिला. सीट पूर्ण वर, हात ताठ, कोपरं अंगाला चिकटलेली, मान खाली आणि नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी उतरते आहे. व्हिडिओत सरळ दिसत होतं की सायकल उतरते आहे आणि मी तिच्यावर नुसती बसून आहे.

मी ४६ वर्षांची आहे. रोड सायकल आणि एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, मिळून १८ वर्षं चालवते आहे. एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्स, पूर्ण केल्या आहेत. ६०० ला ४० तास मिळतात, त्यात दोन रात्री डोळ्याला डोळा न लागता जातात. सिंहगड, कात्रज, दिवे घाट हे तर ठरलेलेच. हे सांगायचं कारण एवढंच की मला सायकल येत नाही असं कुणालाही वाटलं नसतं, मलाही नाही. आपल्या पुण्यात सायकलवाल्याचा अनुभव किलोमीटरमध्ये मोजतात. किती केलेत, किती वेळात केलेत, हे सगळे विचारतात. ब्रेक कसा लावतेस, वळताना वजन कुठे असतं, हे मला १८ वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं. चढ चांगला जमत होता, म्हणून उतार शिकायची गरज कुणाला दिसलीच नाही. आणि चढाला लागणारी छाती आणि मांड्या उतारावर फारशा कामाला येत नाहीत. तिथे वेगळीच विद्या लागते.

प्लास्टर निघालं आणि मी पाषाणमधल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गेले. वय २५ असेल. लहानपणापासून बीएमएक्सवर, म्हणजे कसरतींच्या छोट्या सायकलवर, खेळलेला, टेकडीवर त्याला उतरताना बघितलं की पाणी वाहतंय असं वाटतं. मी म्हटलं, "मला पहिल्यापासून शिकव." तो हसला नाही, ही गोष्ट मला फार आवडली. त्याने सायकल उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ताई, दोन अटी आहेत. क्लिपवाले पेडल काढायचे. आणि मी सांगेपर्यंत टेकडीवर जायचं नाही."

"मग शिकायचं कुठे?"

"तुमच्या पार्किंगमध्ये."

पहिल्या रविवारी त्याने तीन गोष्टी बदलल्या. पेडल सपाट लावले, बारीक खिळे असलेले, आणि मला सपाट तळव्याचे बूट आणायला सांगितले. सीट चार इंच खाली घातली. टायरमधली हवा काढली. मी रोडच्या सवयीने ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत होते. माझं वजन ५८ किलो, टायर २.३ इंची ट्यूबलेस. त्याने पुढे २३ आणि मागे २६ ठेवली. टायर इतका मऊ बघून मला कसंतरी झालं, पण दगडावर टायर दबला पाहिजे, त्याने दगडाला धरलं पाहिजे. कडक टायर दगडावरून उडतो, आणि उडलेल्या टायरला ना वळता येतं ना थांबता येतं. हवा कमी करायला एक पैसा लागत नाही. हे एवढं जरी मला आधी कुणी सांगितलं असतं तरी माझी निम्मी भीती गेली असती.

पहिला धडा उभं राहण्याचा. पेडल आडवे एका पातळीत, टाचा खाली, गुडघे सैल, कंबर मागे मोडलेली, कोपरं बाहेर, छाती खाली, नजर लांब. सगळं वजन तळपायांवर आणि हात नुसते ठेवलेले. ऐकायला सोपं वाटतं. त्याने परीक्षा अशी ठेवली की या अवस्थेत सायकल गडगडत असताना दोन्ही तळवे क्षणभर हँडलवरून उचलायचे. वजन पायांवर असेल तर काही होत नाही. मी तळवे उचलले आणि तोंडावर पुढे गेले. म्हणजे इतकी वर्षं माझं अर्धं अंग मनगटांवर उभं होतं. उतारावर दोन्ही तळहातांना मुंग्या यायच्या, ते मी ग्लोव्हजवर ढकलत आले होते.

हँडल किती घट्ट धरायचं याला मला माझंच उदाहरण सापडलं. लाटणं आवळून धरलं की पोळी फिरत नाही, पोळपाटाला चिकटते. हातातून लाटणं फिरत राहिलं पाहिजे. पुढचं चाकही तसंच आहे, दगड लागला की ते थोडं इकडेतिकडे होणार, होऊ द्यायचं. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता हेच मी बाकीच्यांना सांगीन."

ब्रेकसाठी त्याने खडूने रेघ मारली. रेघेपर्यंत एकाच वेगाने यायचं आणि रेघ आली की थांबायचं, आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग फक्त पुढच्या, मग दोन्ही. थांबल्यावर पावलं मोजायची. मागच्याने ९ पावलं, आणि तीही चाक घसटत. पुढच्याने ५. दोन्हींनी ४. पुढचा ब्रेक लावला की माणूस पडतो, हे आपल्याला लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकवलेलं असतं आणि ते हाडांत बसलेलं असतं. खरं म्हणजे ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लगेच घसरतं. थांबवण्याची ताकद पुढच्या चाकातच आहे. माणूस पडतो तो पुढच्या ब्रेकमुळे कमी आणि टाचा वर, हात ताठ, वजन पुढे ठेवून तो दाबल्यामुळे जास्त. टाच खाली रोवली की ब्रेकचा धक्का पायांतून पेडलमध्ये जातो, हातांवर येत नाही. आणि ब्रेकवर फक्त एक बोट, बाकीच्या बोटांनी हँडल धरायचं.

माझी दुसरी खोड होती ब्रेक सतत थोडा लावून ठेवायची. उतार संपेपर्यंत डिस्कमधून वास यायचा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत डोंगरउतारावरच्या सायकलिंगच्या सुरुवातीच्या शर्यती झाल्या, त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. जुन्या जड सायकली, उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक, आणि उतरेपर्यंत हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली पोहोचलं की हब उघडून नव्याने ग्रीस भरायचं, म्हणून रिपॅक. त्या लोकांकडे दुसरा इलाज नव्हता. माझ्याकडे चांगले हायड्रॉलिक ब्रेक होते. सरळ, दिसत असलेल्या जागी जोरात ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि अवघड जागेवर चाक मोकळं सोडायचं, हे शिकायला मला तीन रविवार लागले. अवघड जागेवर ब्रेक सोडायचा, हे शरीराला पटतच नाही.

शिवाय घसटत उतरणं टेकडीलाही वाईट. घसटलेल्या चाकाने मुरमात चर पडतो, पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेची ओघळ होते. मी स्वतः किती चर पाडले असतील याचा विचार आजही अस्वस्थ करतो. ती वाट आधी चालणाऱ्यांची आहे, आणि त्याआधी टेकडीची.

वळणं आम्ही मैदानाच्या कडेच्या उतारावर शिकलो, पाण्याच्या बाटल्या मांडून. रोडवर मी सायकलबरोबर सगळी झुकायचे. मुरमावर तसं झुकलं की टायर बाजूला निघून जातो. इथे सायकल झुकवायची आणि आपण जवळजवळ सरळ राहायचं, म्हणजे वजन टायरच्या डोक्यावर राहतं. आणि नजर. त्याने मला नजर फिरवायला लावली ती अशी: मी बाटलीपाशी पोहोचले की तो वळणाच्या शेवटी उभा राहून बोटं वर करायचा आणि ती किती हे मी ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी मी एकदाही बरोबर सांगितलं नाही, कारण मी बाटलीकडेच बघत होते, आणि जिकडे बघत होते तिकडेच जात होते. सोसायटीतली चार पोरं सुट्टीत तिथे यायची, तीही बोटं दाखवायला लागली. आठवडाभराने डावीकडे वळताना मला बोटं दिसायला लागली. उजवीकडे नाही. मोडलेलं मनगट त्या बाजूला अजून स्वतःला सांभाळत होतं आणि मनगटाबरोबर खांदा, खांद्याबरोबर मान. त्यासाठी त्याने मला उजवीकडे फक्त चालण्याच्या वेगाने, लहान लहान गोल मारायला लावले. रोज १५ मिनिटं. मे संपेपर्यंत ती बाजू सुटली.

आता विटेबद्दल.

बनी हॉप, म्हणजे चालत्या सायकलवरून उडी, मला येते असं मी छातीठोक सांगत होते. खड्डा, पाइप, लहानसा दगड मी वर्षानुवर्षं उड्या मारून ओलांडले आहेत. त्याने पार्किंगमध्ये एक वीट आडवी ठेवली. तीन इंच. मी आले, अंग वर ओढलं, पाय पेडलवरून हवेत गेले आणि सायकल जमिनीवर तशीच राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा मला कळलं की उडी मी मारतच नव्हते. बूट पेडलला अडकवलेले होते, मी पाय वर ओढायचे आणि सायकल त्यांच्याबरोबर यायची. १२ वर्षं क्लीटने, म्हणजे बुटाच्या तळाच्या त्या क्लिपने, माझ्यासाठी ते काम केलं होतं आणि त्याचं श्रेय मी घेत होते.

त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसले होते. मुलगा म्हणाला, "आई, तुला त्याच पेडलनी जमतंय ना, मग चालव की तशीच." तो चुकीचं बोलत नव्हता. पण पायरीवर पडले तेव्हा त्याच क्लीटने मला सायकलला बांधून ठेवलं होतं. क्लीट वाईट असं मी म्हणणार नाही, ६०० किलोमीटरला मी पुन्हा तेच बूट घालीन. फक्त जे मला येत नाही ते येतं असं भासवणारी वस्तू मला नको होती.

खरी उडी अशी असते. आधी खाली दबायचं. मग कंबर मागे आणि खाली न्यायची, हात लांब होतात आणि पुढचं चाक ओढल्याशिवाय आपोआप उठतं. मग झटक्यात उभं राहायचं, कंबर हँडलपर्यंत आणायची. आणि शेवटी हँडल पुढे ढकलायचं, पायांची बोटं खाली करून पेडल मागच्या मागे खरवडायचे, जसं भांड्याच्या तळाची खरवड काढतो तसं. त्या खरवडण्याने मागचं चाक वर येतं. चार हालचाली, सगळं मिळून सेकंदाच्या आत.

मी त्या सुट्या केल्या. दोन आठवडे फक्त पुढचं चाक. दोन आठवडे फक्त मागचं, उभ्या जागी ब्रेक लावून. मग जोडायला गेले तर सगळं विसरलं. मधेच पावसाळा लागला. ओल्या चिखलात टेकडीवर सायकल न्यायची नाही हा आमचा नियम, चाकांचे ठसे वाळून दगडासारखे होतात आणि चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात. म्हणून जून ते सप्टेंबर मी पार्किंगच्या छपराखाली होते. बाहेर पाऊस, आत एक वीट. रोज सकाळी सहाला २० मिनिटं. वॉचमनकाकांना आधी कोडं पडलं होतं, मग ते मोजायला लागले. सोसायटीच्या गेटपासूनच्या तीन स्पीडब्रेकरवरून पेडल न मारता, फक्त अंग दाबून-उचलून वेग वाढवायचा सरावही याच दिवसांतला. तो मला लगेच जमला आणि त्यात खूप मजा आली, पण त्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच.

ऑगस्टच्या एका सकाळी पुढचं चाक विटेवरून गेलं आणि मागच्या चाकाचा आवाजच आला नाही. मी थांबले, मागे वळून वीट बघितली. ती जागची हलली नव्हती. वॉचमनकाका खुर्चीवरून उठून म्हणाले, "गेली हो ताई!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ६०० ची ब्रेव्हे पूर्ण करून आले तेव्हा आलं नव्हतं.

टेकडीवर परत गेलो ते ऑक्टोबरमध्ये. गवत कमरेएवढं, गिरिपुष्पाची झाडं हिरवीगार, मोर ओरडत होते. पायरीपाशी पोहोचल्यावर त्याने सायकल आडवी ठेवायला सांगितली. "आधी चालत बघायचं, ताई. वरून, खालून, बाजूने." सावलीतल्या अर्ध्या कातळावर अजून शेवाळ होतं, डावीकडची वितभर पट्टी कोरडी होती. मी नेहमी मधून जायचे, कारण सगळे मधून जातात. आम्ही तासभर तिथे होतो. दोघं-तिघं उतरून गेले, ते काय करतात ते मी बसून पाहिलं. फिरणारी माणसं आली की वाट सोडत होतो. मनगट त्या जागेला ओळखत होतं, ते मला स्पष्ट जाणवत होतं, आतून कळ नव्हती पण बोटं गार पडली होती. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आज नाही उतरलं तरी चालतं. पायरी कुठे जात नाही." त्या वाक्याने मी मोकळी झाले. त्या दिवशी मी उतरलेच नाही. दोघंही सायकली हातात धरून खाली आलो.

पुढच्या रविवारी उतरले. पायरीच्या दहा हात आधी, दिसत असलेल्या सपाट जागी वेग कमी केला. सीट खाली. टाचा खाली. नजर दुसऱ्या पायरीच्याही पलीकडे, जिथे वाट करवंदीच्या जाळीला वळसा घालते तिथे. कडेवर बोट ब्रेकवरून काढलं. पुढचं चाक खाली गेलं तसे हात लांब झाले, सायकल माझ्याखालून उतरली, मी तिच्यामागे. मधली सपाट जागा कधी आली कळलंच नाही. दुसरी पायरी. मुरूम. मुरमावर मागचं चाक थोडं सरकलं आणि मी त्याला सरकू दिलं. करवंदीपाशी थांबले तेव्हा हात सैल होते, तळव्यांना मुंग्या नव्हत्या. तो खाली उभा होता, त्याने फक्त तीन बोटं वर केली. मी ओरडून सांगितलं, "तीन!"

नंतर त्या सकाळी आणखी पाच वेळा उतरले. चौथ्यांदा घाई केली आणि पाय टेकावा लागला.

माझ्याबरोबर आता आणखी दोघी येतात, एक माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. ग्रुपमध्ये उतार आला की आम्हाला नेहमी सांगितलं गेलं, "तुम्ही हळू या मागून." मायेने सांगितलेलं असायचं, पण कसं यायचं ते कुणी सांगत नसे. आता पहिल्या दिवशी मी त्यांच्या टायरमधली हवा काढते, सीट खाली घालते आणि तळवे उचलायला लावते.

वीट मी आता कडेवर उभी ठेवते. साडेचार इंच. आज सकाळी १० वेळा प्रयत्न केला. सात वेळा मागचं चाक लागलं, तीनदा नाही. विटेचा एक कोपरा उडाला आहे, वॉचमनकाकांनी बांधकामावरून दुसरी आणून ठेवली आहे.